लेव्हल चढते कुठे? बाल्डर्स गेट, फॉलआउट की मॉरोविंड, या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही फोंड्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि तिघं मित्र मिळून सहा-आठ तासांचा एक आरपीजी, म्हणजे नायकाला हळूहळू मोठं करत नेणारा व्हिडिओ गेम, करताय. पोर्तुगीज अमलातला मांडवीचा काठ, नायक एका तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्याचा, मुलगा, मारामाऱ्या थोड्या, बोलाचाली आणि लपूनछपून जाणं जास्त. जुने गेम तिघांनीही भरपूर खेळलेत आणि आता तिघांची तोंडं तीन दिशांना आहेत. एकाला बाल्डर्स गेटसारखे क्लास (योद्धा, चोर असे ठरलेले साचे) आणि एक्सपी (अनुभवाचे गुण) हवेत, दुसऱ्याला फॉलआउटसारखे स्किल पॉइंट (हव्या त्या कौशल्यात घालायचे गुण), आणि तुम्हाला स्वतःला मॉरोविंडसारखं ‘जे वापराल ते वाढेल’. यातली चांगली पद्धत कोणती, असं तुम्ही विचारलंय.

गेमची सिस्टिम डिझाइन करणं, त्यातही नायक किती, कसा आणि कधी मोठा होतो याचे तक्ते बांधणं, हे माझं सतरा वर्षांचं काम आहे. म्हापशात घरी बसून करतो. त्याआधी कॉलेजची वर्षं हेच गेम खेळण्यात गेली. माझ्या मते तुमच्या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गुण कशाचे मिळतात, हा पहिला. ते वाढीत कुठे आणि कधी बदलून मिळतात, हा दुसरा. आणि ती वाढ कोणत्या अंगाला लागणार हे कोण ठरवतं, हा तिसरा. तुम्ही तिघं फक्त तिसऱ्यावर भांडताय. दुसऱ्याचा तर तुमच्या प्रश्नात उल्लेखही नाही, आणि माझ्या अनुभवात गेमची चव सर्वांत जास्त त्यानेच बदलते.

पहिल्यापासून सुरू करू. या सगळ्या गेमांचं मूळ कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आहे. तो १९७४ साली आला. त्यात एक्सपीचा मोठा वाटा खजिन्यातून यायचा, एका सुवर्णनाण्याला एक गुण. राक्षस मारण्याचे गुण त्यामानाने किरकोळ, म्हणून शहाणे खेळाडू भांडण टाळून माल पळवायचे. संगणकावर येताना हा हिशेब उलटा झाला. मेलेला शत्रू मोजायला सोपा असतो: तो पडला की आकडा वाढवायचा, संपलं. गोड बोलून काम काढलं, मागच्या दाराने आत शिरलो, हे यंत्राला कळायला डिझायनरला प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहावं लागतं. वेळेच्या ओढाताणीत बहुतेकांनी मारण्यालाच मोल दिलं.

त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गेमची चाचणी घेत होतो. एका गोदामातून कागदपत्रं पळवायची होती, आणि लपून जाण्याची वाट आम्ही फार मेहनतीने बांधली होती. चाचणीला आलेली मुलगी ती वाट अप्रतिम खेळली. एकाही पहारेकऱ्याला चाहूल लागू न देता तिने कागद उचलले आणि दारापाशी आली. तिथे थांबली. दोन-तीन सेकंद विचार केला, मागे वळली आणि अकराच्या अकरा पहारेकरी एकेक करून मारले. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, नाहीतर यांचा एक्सपी वाया गेला असता. तिचं काहीच चुकलं नव्हतं. लपण्यासाठी आम्ही वाट बांधली आणि बक्षीस मारण्याला ठेवलं, ही चूक आमची होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पहारेकऱ्यांवरचे गुण शून्य केले आणि ते सगळे कागद हाती येण्यावर ठेवले. पुढच्या चाचणीत मागे वळून कोणी गेलं नाही.

जुन्यांपैकी प्लेनस्केप: टॉर्मेंट (१९९९) या बाबतीत पुढे होता. त्यात संवादांतून, आठवणी परत मिळण्यातून भरघोस एक्सपी यायचा. व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स (२००४) त्याहून पुढे गेला. तिथे मारण्याचे गुण नाहीतच, काम पुरं झालं की गुण. तुमच्या गेमला मी हेच सुचवेन. पण त्याच ब्लडलाइन्सच्या उत्तरार्धात टाळता न येणाऱ्या लढाया लागतात, आणि आपले सगळे गुण बोलण्या-लपण्यात घातलेल्या खेळाडूची तिथे फार ओढाताण होते. म्हणून तुमच्या शेवटच्या तासात सक्तीची मारामारी असेल, तर ती आजच काढून टाका किंवा तिला दुसरी वाट द्या.

आता दुसरा प्रश्न, जो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो: लेव्हल चढते कुठे?

१९८१ च्या विझर्ड्रीत तळघरात कितीही एक्सपी कमावला तरी लेव्हल चढायची ती वर येऊन, सराईत झोपल्यावर. झोपून उठल्यावर ताकद, बुद्धी अशा गुणविशेषांपैकी काही वाढलेले असत आणि काही चक्क कमीही झालेले असत. म्हणजे खाली अंधारात असताना तुमच्याकडे कमाई असते, पण ती अजून तुमची झालेली नसते. आणखी एक दार उघडायचं की परत फिरायचं? दिवाडी बेटावर गेलेल्या माणसाच्या डोक्यात जशी शेवटच्या फेरीबोटीची वेळ टिकटिकत असते, तसं ते असतं. त्या खेळाचा निम्मा थरार या एका नियमातून येतो आणि त्यासाठी एकही नवा राक्षस काढावा लागत नाही.

१९८८ च्या पूल ऑफ रेडियन्समध्ये प्रशिक्षणशाळेत जावं लागायचं आणि माणशी १००० सुवर्णनाणी मोजावी लागायची. एका वेळी एकच लेव्हल मिळे. दोन लेव्हलींपुरता एक्सपी साठवून आलात, तर वरचा भाग कापला जाऊन पुढच्या लेव्हलीला एक गुण कमी पडेल एवढाच उरायचा. कठोर वाटेल, पण त्यामुळे खेळाडू गावात परत परत येतो, गावातल्या बातम्या त्याच्या कानावर पडतात, पैशालाही अर्थ राहतो. मॉरोविंडमध्ये (२००२) आपण निवडलेल्या स्किलांत मिळून दहा वाढी झाल्या की कुठेतरी झोपावं लागतं, मगच लेव्हल. बाल्डर्स गेटमध्ये (१९९८) असं काही नाही: चेहऱ्याच्या चित्रावर खूण येते, बटण दाबायचं, गुहेच्या मधोमध उभं राहूनही तुम्ही मोठे होता. सोयीचं आहे, लढाईच्या ओघाला धरून आहे. पण मोठं होण्याला तिथे जागाही नाही आणि माणूसही नाही.

माणूस आहे तो गॉथिकमध्ये, २००१ च्या. लेव्हल चढली की तुम्हाला दहा शिक्षणगुण आणि थोडं आरोग्य मिळतं, बस्स. त्याने तुमची तलवारबाजी केसभरही सुधारत नाही. ते शिक्षणगुण घेऊन शिकवणारा शोधावा लागतो. काही जण त्यांच्या गटात सामील झाल्याखेरीज शिकवतच नाहीत. आणि शिकल्याचं दिसतं कुठे, तर हातात. न शिकलेला नायक एकहाती तलवार दोन्ही हातांत गच्च धरतो, अंग झोकून देत ओबडधोबड वार करतो. शिक्षक त्याला सांगतो की नवशिके असंच धरतात, ही सवय सोड. पुढचा धडा झाला की तलवार एका हातात येते, खांदा मोकळा होतो, वारांना लय येते. पडद्यावर आकडा न पाहता कळतं, की हा आता शिकलाय. पेडण्याला माझ्या आजोळी भजनात तबल्याला बसणारी मुलं मी लहानपणापासून पाहतोय. कोणाकडे नीट बसून शिकलेल्या मुलाची बोटं पहिल्या ‘ना’लाच ओळखू येतात, आणि नुसतं ऐकून बडवणाऱ्याचीही येतात. गॉथिकने नेमकं तेच पकडलं, आणि मला तो या सगळ्या गेमांत याच कारणासाठी सर्वांत जवळचा आहे.

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे तुमच्या मूळ वादावर, येतो.

क्लास म्हणजे निवड सुरुवातीलाच एकदा करायची आणि पुढची बरीचशी वाढ तक्ता ठरवणार. नवख्याला हे बरं पडतं, चुकायला जागा कमी. पण एकट्या नायकाच्या गेममध्ये क्लासला पूर्ण अर्थ येत नाही. योद्धा, चोर, जादूगार हे एकमेकांची उणीव भरून काढायला जन्माला आलेत. सहा जणांची पार्टी, म्हणजे सोबत्यांचा गट, असेल तर क्लास शोभतात. तुमचा तांडेलाचा मुलगा एकटा आहे.

फॉलआउटमध्ये (१९९७) प्रत्येक लेव्हलीला पाच अधिक बुद्धीच्या दुप्पट इतके स्किल पॉइंट मिळतात. बुद्धी १० असलेल्याला २५, बुद्धी ३ असलेल्याला ११. कमाल लेव्हल २१, म्हणजे वीस वेळा चढणार: एकाला एकूण ५००, दुसऱ्याला २२०. पहिल्या पाच मिनिटांत, गेमचं जग पाहण्याआधीच केलेल्या एका निवडीने एवढी तफावत पडते. चाळीस तासांच्या आणि पुन्हा पुन्हा खेळायच्या गेममध्ये हे चालतं, मलाही तेव्हा आवडलं होतं. एकदाच खेळला जाणाऱ्या आठ तासांच्या गेममध्ये मी हे करणार नाही. याउलट दर तीन लेव्हलींनी मिळणारा पर्क (नायकाची एखादी खास क्षमता), म्हणजे एकवीसपर्यंत मोजून सात, ही त्या गेममधली फार मोलाची गोष्ट. आकड्यापेक्षा वेगळं काहीतरी हाती येतं आणि संख्येने कमी असल्यामुळे लक्षात राहतं.

आता मॉरोविंड. तुमचं मन तिथे आहे म्हणून जरा थांबून सांगतो. वापराने वाढणं ही कल्पना कोणालाही पटकन पटते: धावाल तर धावणं वाढेल, उड्या माराल तर उड्या. अडचण अशी, की संगणकाला ‘वापर’ आणि ‘घोकंपट्टी’ यातला फरक कळत नाही. मी स्वतः मॉरोविंड पहिल्यांदा खेळलो तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना सबंध रस्ताभर उड्या मारत गेलो, आणि तसं करणारे माझ्या ओळखीत सगळेच होते. त्याहून खोल अडचण लेव्हल चढताना येते. तीन गुणविशेष निवडायचे, आणि त्या लेव्हलीत संबंधित स्किल दहा वेळा वाढलं असेल तरच त्यात पाचाची भर. चारदाच वाढलं असेल तर दोनाची. शिवाय प्रत्येक लेव्हलीला मिळणारं आरोग्य त्या वेळच्या चिवटपणाच्या एक दशांश असतं आणि मागची बाकी कधीच भरून मिळत नाही. चिवटपणा उशिरा वाढवला तर आरोग्यातली ती तूट कायमची. झालं काय, तर ‘सहज जगा, जे कराल ते वाढेल’ असं सांगणाऱ्या गेममध्ये लोक वही घेऊन बसले. चिलखताचं स्किल दहा वेळा वाढावं म्हणून खेकड्या-उंदरांकडून मुद्दाम मार खात उभे राहिले. पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) शत्रूही तुमच्या लेव्हलीबरोबर वाढायला लागले. लढाईबाहेरची स्किलं वाढवून लेव्हल चढलेला खेळाडू तिथे तुलनेने दुबळा होत गेला, आणि रस्त्यावरचे साधे लुटारू काचेच्या महागड्या चिलखतात समोर उभे राहिले.

वापराची पद्धत वाईट असं मी म्हणत नाही. तिला मोठं, निवांत जग लागतं, आणि दहा-वीस तास लागतात. तेव्हा कुठे त्या वाढीला आकार येतो. तुमच्याकडे आठ तास आहेत.

आतापर्यंतचं थोडक्यात: गुण कामाच्या शेवटावर द्या, वाढ एखाद्या जागी किंवा माणसाकडे बांधा, आणि वाटपाची निवड खेळाडूकडे ठेवा पण ती बेताची ठेवा. आता आकड्यांकडे येऊ. इथे चूक झाली तर बाकीचं सगळं बरोबर असूनही गेम बेचव होतो.

जुन्या गेमांत मुख्यतः दोन प्रकारचे चढ दिसतात. बाल्डर्स गेटमधला योद्धा एकूण एक्सपी २०००, ४०००, ८०००, १६०००, ३२०००, ६४००० असा दुपटीने चढतो. चोर १२५० पासून, जादूगार २५०० पासून, म्हणजे प्रत्येक क्लासचा तक्ता वेगळा. पहिल्या भागात कमाल एक्सपी ८९,००० होता आणि जादूगाराच्या आठव्या लेव्हलीला लागायचे ९०,०००. ते हजार गुण कधीच मिळणार नाहीत हे कळलं तेव्हा मला फार लागलं होतं. दुसरा चढ फॉलआउटचा: १०००, ३०००, ६०००, १००००, १५०००. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा हजाराने मोठी. १९९८ च्या माइट अँड मॅजिकच्या सहाव्या भागात हीच मालिका आहे, आणि २००० साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली तेव्हा तिनेही सगळ्या क्लासना मिळून हाच एक तक्ता लावला.

दोन्हींत नुसता आकड्यांचा फरक नाही. समजा, दुपटीच्या तक्त्यात तुमची पार्टी ३२,००० वर, सहाव्या लेव्हलीला आहे आणि एक अगदी कोरा नवा सोबती आला. पुढची लेव्हल यायला तुम्हाला आणखी ३२,००० लागतील. तेवढ्यात त्या नव्याचेही ३२,००० होतात: तुम्ही सातव्या, तो सहाव्या. एका लेव्हलीच्या अवधीत तो जवळपास बरोबरीला आला. आता फॉलआउटच्या मालिकेत तेच करून पाहा. तुम्ही दहाव्या लेव्हलीला, ४५,००० वर. अकरावीला ५५,००० लागतात. त्या दहा हजारांत नवखा पाचवीपर्यंतच पोचतो. तुम्ही अकरावर, तो पाचावर. म्हणून सोबती येत-जात राहणाऱ्या गेमला दुपटीचा तक्ता मानवतो. दुपट पुढे झेपत नाही म्हणून नवव्या लेव्हलीनंतर योद्ध्याला दर वेळी सरसकट अडीच लाख, असा तो चढ सपाट केलेला आहे. एकट्या नायकाला मात्र दुसरी मालिका बरी, कारण तिच्यात पुढची पायरी नेहमी नजरेच्या टप्प्यात राहते.

तुमच्या गेमपुरतं मी असं बांधेन. लेव्हली सात, पायरी पाचशेची: ५००, १५००, ३०००, ५०००, ७५००, १०५००. म्हणजे सहा वेळा चढणं, साधारण तासा-सव्वातासाला एकदा. सबंध गेममध्ये मिळू शकणारे गुण १२,००० च्या आसपास ठेवा, म्हणजे दोन-तीन कामं राहिली तरी कोणी अडकणार नाही. स्किलं सहा: नाव हाकणं, लपणं, बोलणं, हातघाई, कागदपत्रं वाचणं, वैद्यकी. प्रत्येकाला तीन पायऱ्या, पहिलीला एक गुण, दुसरीला दोन, तिसरीला तीन. माइट अँड मॅजिकच्या सहाव्या भागात असाच चढता भाव आहे. एक स्किल पूर्ण करायला सहा गुण झाले. दर लेव्हलीला तीन गुण दिले, तर सहा चढांचे अठरा, म्हणजे बरोबर तीन स्किलं पूर्ण किंवा सहांत थोडं थोडं. निवडीला वजन येतं, आणि डोकं धरून बसावं लागत नाही.

यातली तिसरी पायरी फक्त माणसाकडे मिळावी. नाव बापाकडे. कागद वाचणं नोटरीकडच्या म्हाताऱ्या कारकुनाकडे, ज्याला मोडीसारखं गिचमिड लिहिलेलं पोर्तुगीजही वाचता येतं. वैद्यकी पलीकडच्या काठावर, म्हणजे तिथे जायला होडी हवी आणि अंधाराआधी परतायला हवं. तुमच्या मनातलं मॉरोविंड एका ठिकाणी जरूर ठेवा: नाव हाकण्याची पहिली पायरी गुणांनी न देता वापराने द्या, पण प्रत्येक नवी खाडी पहिल्यांदा पार केली की त्याची नोंद एकदाच होऊ द्या. पाच खाड्या, पायरी मिळाली. एकाच खाडीत पन्नास फेऱ्या मारून काही मिळत नसेल तर कोणी मारणार नाही.

आणि मिळाल्यावर ते दिसू द्या. पायरी एकवर मुलगा वल्हं छातीशी धरतो आणि पाणी उडवतो, पायरी तीनवर पाणी हलत नाही. तीनच अ‍ॅनिमेशनं लागतील. तुमच्यातला जो चित्रं काढतो त्याचा एक आठवडा यात गेला तरी चालेल, दहा नवे शत्रू काढण्यात घालवू नका.

काही गोष्टी बदलल्या तर माझं उत्तरही बदलेल. उद्या तुम्ही नायकाला चार सोबती दिलेत, तर क्लास आणा आणि दुपटीचा तक्ता घ्या. गेम तीस तासांचा झाला, तर वापराने वाढणाऱ्या स्किलांना जागा होईल. पुन्हा पुन्हा खेळला जावा असं वाटत असेल, तर फॉलआउटसारखी सुरुवातीची मोठी निवड ठेवायला हरकत नाही. आणि गुण एकदा घातले की परत नाहीत असा नियम ठेवणार असाल तर नीट विचार करा. डायब्लो २ आला २००० साली, आणि घातलेले गुण काढून पुन्हा वाटायची अधिकृत सोय त्यात २०१० च्या पॅचमध्ये, म्हणजे नंतर दिलेल्या दुरुस्तीत, आली. आठ तासांच्या गेममध्ये एकदा तरी निवड बदलू द्यावी, बापाशी बोलून, फुकट.

कोडला हात लावण्याआधी एक संध्याकाळ कागदावर घालवा. तीन काल्पनिक खेळाडू घ्या, एक भांडखोर, एक बोलका, एक लपणारा, आणि तुमच्या प्रत्येक कामात त्यांना किती गुण मिळतील ते ओळीने मांडा. कुठल्याही तासाच्या शेवटी तिघांत एका लेव्हलीहून जास्त अंतर पडलं तर काम बदला, तक्ता नको. त्यानंतर पहिला तास खेळता येईल असा झाला की गेम न पाहिलेल्या एखाद्याला बसवा, मागे उभे राहा आणि काही बोलू नका. पहिली लेव्हल चढल्यावर तो त्या कारकुनाच्या कचेरीकडे आपणहून वळतो का, एवढंच पाहा. वळला नाही तर कचेरी होडीच्या धक्क्याजवळ आणा.